आयकलं का जी, जेवाले या

तुम्ही गेलात आणि तुमचा एक प्रश्न माझ्याकडेच राहिला. बैल पळवायच्या शंकरपटाच्या त्या दिवसापासून तुम्ही तो मला विचारत आलात. जेवताना विचारला, बांधीत धानाचा रोवणा चालू असताना विचारला, शेवटी तापाने खाटेवर पडलात तेव्हाही विचारला. "खरं सांग वं, त्या दिवशी तू हाक कोनाले मारली होती? मले का त्याले?" आणि मी दरवेळी एकच सांगायची, "जो पयले आला त्याले." मग तुम्ही फुरंगटून बसायचात, कारण पहिला आला होता तो कुत्रा.

बोलून भागत होतं तोवर मी कधी कागद हातात घेतला नाही. अक्षरं मी हळदी-मिठाच्या पुड्यांवरून एकटीने शिकले, हे तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा उकार-वेलांटी चुकली तर हसू नका. तुम्ही किती कष्ट उपसले, किती जणांच्या अडीअडचणीला उभे राहिलात, ते तेरवीला सुखदेव सांगेल, गावातली चार माणसंही सांगतील. लेकच तो, चांगलंच सांगेल. तुम्ही किती शांत स्वभावाचे होतात असंही कोणीतरी म्हणेल, आणि तेव्हा मला पदर तोंडावर धरावा लागेल. मला तुमच्याशी बोलायचं आहे ते कुत्र्याविषयी.

आधी नावाचं सांगते, कारण सगळी गंमत तिथूनच सुरू झाली. आपल्या गावच्या जंगल नाक्यावरच्या नाकेदाराची बदली सिरोंच्याकडे झाली. सामान बैलगाडीत भरून झालं आणि तो गळ्यात दोरी बांधलेला एक तांबूस, लांब पायांचा कुत्रा घेऊन आपल्या ओसरीवर आला. मी दारामागे चहाचे पेले घेऊन उभी होते.

"भाऊ, हा तुमच्याकडं ठेवून घ्या. लय गुणी हाय. फक्त धावते जरासा."

"नाव का हाय याचं?"

"मोती."

हे नाकेदाराच्या तोंडचं आहे, मी नुसतं उतरवून घेतलं. तुमचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला. मग तुम्ही असे हसत सुटलात की बिचारा नाकेदार आपल्या कपड्यांकडे बघायला लागला, कुठे काही फाटलंय की काय म्हणून. इतकी वर्षं तो तुम्हाला भाऊच म्हणत आला होता, तुमचं नाव त्याला कुठून ठाऊक असणार. तुमचं नाव म्हणजे त्या कुत्र्याच्या नावापुढे राम जोडला की झालं. यापेक्षा जास्त मी लिहिणार नाही, आता तुम्ही नसलात तरी.

आमच्या आईने आम्हाला शिकवून पाठवलं होतं, नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, नावाचा तुकडाही नाही. मी तर नथीतल्या पांढऱ्या मण्यांनाही लग्नापासून मणीच म्हणत आले, सोनारासमोरसुद्धा. आणि आता घरात चार पायांचं एक जनावर आलं, त्याला दिवसातून किती वेळा हाक मारावी लागते ते कुत्रा पाळणाऱ्यालाच माहीत.

मी म्हटलं, "याचं नाव बदलवून टाका."

तुम्ही म्हणालात, "त्याच्या धन्यानं ठेवलेलं नाव हाय. उद्या माहं बी बदलवशीन का?"

मग मी माझ्यापुरतं त्याला पोवळ्या म्हणून बघितलं. मणी नाही तर पोवळं, जवळचंच आहे. मी "पोवळ्या, ये" म्हणायची आणि तो माझ्याकडे असा बघायचा, जसं काही दुसऱ्याच गावची बाई दुसऱ्याच कोणाला तरी बोलावून राहिली आहे. "यू यू" केलं तर गावातले सगळे कुत्रे गोळा व्हायचे, आपला सोडून. तुम्हाला तेवढंच हवं होतं. ओसरीवर बसून तुम्ही माझ्यासाठी उखाणा रचलात. धान आलं लोंबीला, पाखरं आली रानात, अमक्याचं नाव घेते कुत्र्याच्या कानात. "हे म्हन," म्हणालात, "उखान्यात नाव घेतलं तं चालते." मी म्हटलं, कान इथं असला तर घेईन ना. उखाणा अर्धा होईपर्यंत कान बोडीच्या पाण्यापलीकडे पोचलेला असायचा.

कारण धावायचा तो. नाकेदाराने "जरासा" म्हटलं होतं, ते त्याने बैलगाडी लवकर हलावी म्हणून म्हटलं असणार. अंगणात पडलेला कुत्रा डोळ्याची पापणी लवेपर्यंत तिसऱ्या बांधीत दिसायचा. ससा दिसला की धावायचा, बगळा उठला की धावायचा, काहीच नसलं तर आपल्याच सावलीला घेऊन धावायचा. आणि बोडीच्या मागून जंगल सुरू. बिबट तर लोकांच्या अंगणातून कुत्री उचलून नेतो. हाकेला न येणारा कुत्रा आपल्या गावात होळी बघत नाही, असं बुधाजी भाऊ पहिल्याच आठवड्यात बोलून गेले. शेजारीच राहतात, पण गोड बोलणं त्यांना कधी जमलं नाही.

त्याला हाकेला आणायची तुमची रीत वेगळी आणि माझी वेगळी. ते भांडण आपलं कधी मिटलंच नाही. तुम्ही नावाने ओरडायचात, नाही आला की धोतर खोचून त्याच्यामागे धावायचात. त्याला वाटायचं हा खेळ आहे. थांबायचा, पुढचे पाय जमिनीवर टेकून शेपूट हलवायचा, तुम्ही हात घातलात की पुन्हा पळायचा. बाया पाण्याचे गुंड खाली ठेवून बघत उभ्या राहायच्या. शेवटी धाप लागून तुम्ही त्याला धरायचात आणि धरल्यावर दोन चापट्या द्यायचात.

"आल्यावर मारता, मंग तो काऊन येईन?"

"मंग का, आरती ओवाळू त्याची?"

मी म्हणायची, त्याच्यामागे जाऊ नका, उलट्या बाजूला जा, खाली बसा, हातात काही खायला ठेवा, तो आपोआप येतो. तुम्ही म्हणायचात, "कुत्र्याले लाच देऊन राह्यली का तू?" आता तुम्ही मध्ये बोलू शकत नाही म्हणून सांगते, माझंच खरं होतं.

पण खरं सांगायचं तर त्याला हाकेला ना तुम्ही आणलं ना मी. त्याने आपली हाक आपणच निवडली. रोज भात निवला, पानं मांडली की मी मागच्या दारात उभी राहून तुम्हाला हाक मारायची, "आयकलं का जी, जेवाले या." एवढीच. आणि जेवण झालं की भांड्याच्या तळाची खरवड त्याला मिळायची. त्याने या दोन गोष्टी मनात जोडून घेतल्या. एक दिवस तुम्ही बुधाजी भाऊंच्या ओट्यावर गप्पा मारत होतात. मी हाक मारली, तर शब्द तोंडात असतानाच बोडीकडून तो आला, कान उडवत, चारी पाय जमिनीला न टेकवता आल्यासारखा, आणि तुमच्या पाटाशेजारी येऊन बसला. मागून तुम्ही, सावकाश. अंगणात पाय धुतलेत, खांद्यावरच्या पंच्याला पुसलेत, मग आत.

"आज याले पयले बोलावलं का?"

"म्या तं एकच हाक मारली."

तेव्हापासून रोज तो पहिला आणि तुम्ही दुसरे.

मला हाक सापडली, पण ती दोघांची निघाली. त्याला बोलवायचं तर तुम्हाला बोलवावं लागायचं. एकदा तो सशामागे जंगलाकडे सुटलेला दिसला म्हणून मी भलत्याच वेळी हाक दिली. तो आला आणि नांगर सोडून तुम्हीही आलात. "आज एवढ्या लवकर?" म्हणत पाटावर बसलात. तो तुमच्या बाजूला. चुलीवर काहीच नव्हतं. दोघंही माझ्याकडे अशा तोंडाने बघत होतात की शिळ्या भाताला फोडणी घालण्यावाचून मला दुसरं काही सुचलं नाही.

मतदानाची यादी करायला मास्तर आले होते, तेही आठवतं ना? तुम्ही शेतावर होतात. मास्तर म्हणाले, "बाई, घरवाल्याचं नाव सांगा." मी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "नाव घ्यायचं नसन तं काही खूण सांगा." मी अंगणात झोपलेल्या कुत्र्याकडे बोट दाखवलं. मास्तर जरा मागे सरकले. मी म्हटलं, "त्याचं जे नाव हाय ते लिवा, अन् पुढं रामाचं नाव जोडा." मास्तरांचा चेहरा उजळला. "असं व्हय. मंग कुत्र्याचं नाव का?" आता हे मी कसं सांगणार होते? शेवटी मास्तर दौत-लेखणी घेऊन बुधाजी भाऊंच्या घरी गेले, आणि त्या घरच्या मालकाचं नाव लिहायचं आहे म्हणून कुत्र्याचं नाव विचारून आले. "माही वळख आता कुत्र्यावरून हाय," असं तुम्ही बाजारात जो भेटेल त्याला सांगत हिंडलात.

आणि मग तो पट.

धान निघून गेलं होतं, बांध्या वाळल्या होत्या. बुधाजी भाऊंची बैलजोडी त्या वर्षी पहिल्यांदा पळणार होती. घरातून निघताना तुम्हाला वाटलं कुत्रा मी बांधला, मला वाटलं तुम्ही बांधला. मी बायांबरोबर शेताच्या उंच धुऱ्यावर उभी होते. माणसं दोन्ही बाजूंनी दाटलेली, मध्ये बैलांची मोकळी वाट. पहिल्या एक-दोन जोड्या सुटल्या. इतकं धावणं चाललेलं आणि त्याला कोणी बोलावलं नाही, हे त्याला कसं सहन व्हावं. कोणाच्या तरी पायांतून तो घुसला आणि वाटेच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

आधी सगळे हसले. "मोतीरामचा कुत्रा बी पटात उतरला गा," कोणीतरी ओरडलं. हे दुसऱ्याच्या तोंडचं आहे. तुम्ही धोतर खोचलंत आणि उतरलात त्याच्यामागे. नेहमीसारखे. तो पुढे, तुम्ही मागे, तो थांबून शेपूट हलवतोय, तुम्ही हात घालताय, तो पळतोय. तेवढ्यात वरच्या टोकाहून पुढची जोडी सुटली. सुटलेली जोडी हाकणाऱ्याच्याही हातात राहत नाही. हसणं थांबलं. सगळे एकदम ओरडायला लागले, आणि सगळे ओरडत असल्यामुळे तुम्हाला काही ऐकू येईना. तुमची पाठ बैलांकडे होती आणि डोळ्यांसमोर तो एक कुत्रा.

तेव्हा मी ती हाक मारली. आयुष्यात कधी एवढा आवाज काढला नव्हता, पुढेही काढला नाही. "आयकलं का जी, जेवाले या."

तो धावता धावता जागच्या जागी वळला आणि सरळ माझ्याकडे आला. त्याच्यामागे तुम्ही वळलात. तुमच्या पाठीमागून जोडी गेली, तिच्या वाऱ्याने तुमच्या डोक्याचा शेला उडून धुळीत पडला. धूळ खाली बसली तेव्हा तो माझ्या पायांशी होता आणि तुम्ही दोन हात अंतरावर. आणि धूळ बसल्यावर आणखी एक दिसलं. पटातले कितीतरी नवरे माना वळवून आपापल्या बायका शोधत होते. एक म्हातारबाबा तर काठी घेऊन घराच्या वाटेला लागले होते. आता पटाच्या दिवशी एवढ्या लवकर काय शिजवलं असेल, हा विचार त्यांनाच ठाऊक. बुधाजी भाऊ मोठ्याने म्हणाले, "वैनी, जेवाले का केलं हाय?" मग जो हशा उठला तो वर्षभर काही खाली बसला नाही.

तुम्ही मात्र हसला नाहीत. धुऱ्यावर बसलात, कुत्र्याला मांडीवर ओढून घेतलंत. मला वाटलं आता चापटी बसते. तुम्ही त्याच्या पाठीवरची धूळ झाडत बसलात. त्या दिवशी तुम्ही पहिल्यांदा आपल्या ताटातला घास त्याला दिलात. आणि हात धुताना विचारलंत, "हाक कोनाले होती वं?"

तुम्हाला खरं ऐकायचं होतं, हे मला कळत होतं. पण समोरासमोर तोंडाने असं काही बोलायची आपली रीत नव्हती. आपण दोघं तीस वर्षांहून जास्त एका चुलीपाशी बसलो ते कुत्र्याच्या, पावसाच्या, बैलाच्या नावाने बोलत. मला ते पुरत होतं. तुम्हालाही पुरत असावं, नाही तर तोच एक प्रश्न तुम्ही इतक्या लाडाने का विचारत राहिला असता.

तुम्ही आजारी पडलात, तरी मी सवयीने मागच्या दारात जाऊन हाक मारायची. तुम्ही आतल्या खाटेवर. कुत्रा यायचा, पायांनी आता जड झालेला, पण यायचा. आणि आतून तुमचा आवाज यायचा, "आलो वं. त्याले दे आधी."

तुम्हाला नेलं त्या दिवशी तो माणसांबरोबर नदीवर गेला आणि परत आलाच नाही. वाळूत बसून राहिला. सुखदेव भात घेऊन गेला, बुधाजी भाऊ जाऊन आले. ते नावाने हाका मारायचे, जवळ गेले की तो उठून थोडा लांब जाऊन बसायचा. आता तो खेळ नव्हता. खाणं तसंच पडून राहायचं. पाणवठ्यावर बिबटाचे पाय उमटलेले दिसले तेव्हा सुखदेव घाईघाईने घरी आला. "माय, तुह्याशिवाय तो येत नाई. तू हाक मार. इथूनच मार, आयकू येते त्याले."

मी मागच्या दारात गेले. तोंड उघडलं. पुढे काही निघेना. तुमचा पाट भिंतीला उभा करून ठेवला होता. तो तसा उभा असताना "जेवाले या" कोणाला म्हणायचं? शेजारच्या सोनाबाईने मला हाताला धरून आत आणलं. "राहू दे वं," म्हणाली, "लोक म्हनतीन, डोकं फिरलं बुढीचं." लोकांच्या भीतीने नाही, पण मला जमलं नाही. रोज बिबटाची भीती वाटत होती आणि रोज जमत नव्हतं.

दहाव्याला बाया मला नदीवर घेऊन गेल्या. हातातल्या बांगड्या तिथे राहिल्या. पानावर पिंड ठेवला आणि सगळे मागे सरले. समोरच्या जांभळीवर कावळा होता, पण तो काही खाली येईना. सुखदेवने हात जोडले, "बाबा, मायले काही कमी पडू देनार नाई." कावळा चोच पुसत बसला. "बाबा, तुमच्या बैलाईले विकनार नाई." नाही. बुधाजी भाऊ पुढे झाले, "मोतीराम, पुढच्या पटात तुह्या नावानं जोडी सोडतो बापा." कावळ्याने पाठ फिरवली. ऊन चढत चाललं. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. तुमचं कशात अडकलंय, हे कोणालाच समजेना.

मला समजत होतं.

मी तोंडातल्या तोंडात म्हटलं, तुमाले. तुमालेच मारली होती हाक. कुत्रा तं मले दिसला बी नवता.

कावळा हलला नाही. अर्थातच. मी एकदा काही सांगितलं आणि तुम्ही लगेच मानलं, असं कधी झालं होतं का? लांब वाळूत तो बसलेला होता, त्याच्या बरगड्या मला तिथून दिसत होत्या. तोही माझ्याचकडे बघत होता. मी उठून उभी राहिले. हात रिकामे, हलके वाटत होते. आणि तोंड आपोआप उघडलं.

"आयकलं का जी, जेवाले या."

माणसांनी माना खाली घातल्या. सोनाबाईने माझ्या पाठीवर हात ठेवला. तो उठला. पाय आखडलेले, पण धावला. कान उडवत, सगळ्या माणसांच्या मधून, सरळ माझ्यापाशी आला. माझा हात हुंगला. हातात काही नव्हतं. मग त्याला समोरचं पान दिसलं आणि तो खायला लागला. कोणीतरी दगड उचलला. बुधाजी भाऊंनी त्याचा हात धरला. "खाऊ दे गा. हाक तं त्याची बी हाय."

पोटभर नाही, अर्ध्याहून थोडं जास्त खाल्लं त्याने. मग बाजूला झाला आणि माझ्या पायांवर डोकं टेकून बसला.

तेव्हा जांभळीवरचा कावळा खाली उतरला. दोन उड्या मारत पानापाशी आला, उरलेली शितं चोचीत घेतली आणि गेला.

नेहमीसारखे दुसरे. पाय धुवत बसला असाल.